गाळा नंबर सात

परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक तरुण अधिकारी शहराचा नवा नकाशा समजावून सांगायला आला होता. पडद्यावर पिवळं म्हणजे राहती घरं, जांभळं म्हणजे कारखाने, आणि मधोमध निळा ठसठशीत ठिपका म्हणजे व्यापारी केंद्र. शहराच्या मध्यावर बाजार असला की माणसं आपोआप तिकडे ओढली जातात, असं तो फार मनापासून सांगत होता. मला कमी ऐकू येतं म्हणून मला नेहमी पहिल्या रांगेत बसवतात, आणि पहिल्या रांगेतली म्हातारी मान डोलावते म्हटल्यावर बोलणाऱ्याला जोर चढतो. भाषण संपल्यावर तो मुद्दाम माझ्याजवळ आला. "आजी, पटलं ना तुम्हाला?" मी म्हटलं, "पटलं बाबा. मध्यवर्ती व्यापारी केंद्राचे माझ्यावर फार उपकार आहेत." माझं कधीकाळी दुकान असावं अशी त्याची समजूत झाली, आणि तसं ते अर्धंमुर्धं खरंही होतं.

आम्ही चाकणचे कासार. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, बांगड्यांच्या माळा दोन्ही खांद्यांवर टाकून गावोगाव फिरायचे. चिखली, देहू, कासारवाडी अशी त्यांची गावं ठरलेली होती. कासारांची गावं भावाभावांत वाटलेली असत आणि एकाच्या गावात दुसरा पाऊल टाकत नसे. गावात शिरलं की ते कुणाच्या तरी ओसरीवर बसायचे, आतून पाण्याचा तांब्या यायचा, मग आजूबाजूच्या बाया गोळा व्हायच्या. बांगड्या भरणं हे भाजी घेण्यासारखं झटपट काम नव्हे. बाई हात पुढे करते, कासार तिची बोटं जुळवतो, अंगठ्याचं मूळ दाबतो, बाई डोळे मिटून "आई गं" म्हणते आणि बांगडी मनगटावर जाते. त्यात सासरच्या तक्रारी होतात, माहेरची आठवण निघते, एखादी रडूनही घेते. शेवटी बाई कासाराला वाकून नमस्कार करते, कारण त्या घटकेला तो बापाच्या जागी असतो. जुनी बांगडी काढताना आमच्यात कुणी ती "फोडली" असं चुकूनही म्हणत नाही. "वाढवली" म्हणायचं. लहानपणी मी एकदा कप फुटला तेव्हा "कप वाढवला" म्हणाले होते आणि आई दिवसभर हसत होती.

मग पिंपरीच्या माळावर नवा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग कामगारांची वसाहत आली. ही वसाहत आधी कागदावर झाली आणि मग जमिनीवर. नकाशा काढणाऱ्या साहेबांना आम्ही कधी पाहिलं नाही, पण गृहस्थ नीटनेटका असणार, कारण सगळ्या चाळी पट्टीने आखल्यासारख्या होत्या, आणि बरोबर मध्यावर एक गोल चौक होता. चौकाभोवती बारा गाळे, मधे पाण्याचं कारंजं. कारंज्यात पाणी मी कधी पाहिलं नाही, कबुतरं मात्र पाहिली. बाजार फक्त या चौकात भरायचा, राहत्या खोल्यांत कुणी काही विकायचं नाही, असा नियम छापून भिंतीवर लावला होता. आप्पांना या बारांतला सातवा गाळा मिळाला आणि मागच्या चाळीत वेगळ्या भाड्याने दोन खोल्याही. कचेरीने स्वतःच्या खर्चाने पाटी रंगवून दिली: "गाळा नं. ७, बांगड्या व स्त्रियांच्या वस्तू." आप्पांनी आपली गावं चुलतभावाला देऊन टाकली. कासाराने गावं देणं म्हणजे शेतकऱ्याने जमीन देणं, पण आप्पा त्या दिवसांत हवेत होते. खांद्यावरच्या माळांचे वळ कायमचे गेले, आता आपण बसून धंदा करणार आणि लोक आपल्याकडे येणार, असं ते भेटेल त्याला सांगत होते.

लोक आले नाहीत. नकाशावर तो चौक सगळ्या घरांना सारखाच जवळ होता, आणि चालायला लागल्यावर तो सगळ्यांना सारखाच लांब होता. भोंगा झाला की कामगार फाटकातून बाहेर पडून सरळ स्टेशनच्या रस्त्याला लागायचे. त्या रस्त्यावर फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी खाटा टाकल्या होत्या आणि त्या खाटांवर कापडापासून कंदिलाच्या काचेपर्यंत सगळं मिळायचं. त्या बाजाराचा नकाशा कुणी काढला नव्हता. साहजिकच तो तुडुंब भरलेला असायचा. आमच्या चौकात आप्पांच्या एका बाजूला सलून होतं आणि दुसऱ्या बाजूला सायकलवाला. समोर चहाची टपरी होती. गिऱ्हाइकं म्हणाल तर पुरुषच, तीही दाढी करून, चहा पिऊन, कारंज्याच्या कठड्यावर बसून राहणारी. गाळ्याला पुढून मोठी काच लावलेली होती, म्हणजे माल बाहेरून दिसावा. पण बांगड्या भरणारी बाईही त्या काचेतून दिसायची. डोळे मिटून, तोंड वेडंवाकडं करून, परपुरुषांच्या रांगेसमोर हात कोण पुढे करणार? साहेबांनी सगळा विचार केला होता, फक्त एवढाच राहिला होता, आणि तो त्यांच्या लक्षात यायला त्यांना कधी बांगड्या भराव्या लागल्या नव्हत्या.

बाया आमच्या स्वयंपाकघरात येऊ लागल्या. आधी शेजारच्या साताऱ्याकडच्या हौसाबाई आल्या, मग त्यांच्या ओळखीची कोकणातली एक, मग मराठवाड्यातल्या दोघी जावा. आईने लहानपणापासून आपल्या बापाला बघून हात शिकून घेतला होता आणि तिचा हात आप्पांपेक्षाही हलका होता. तिचं बघून बघून मीही शिकले. दुपारी पुरुष पाळीवर गेले की आमच्या चुलीपाशी बारा जिल्ह्यांची मराठी एका वेळी बोलली जायची. शेंगदाण्याची चटणी कुटायचा आवाज, तान्ह्या पोरांची रडारड, बांगड्यांची किणकिण आणि मधूनच "अगं बाई, हळू गं!" जमिनीवर वाढवलेल्या बांगड्यांच्या काचा इतक्या असायच्या की घरात आम्ही वहाणा घालून फिरायचो. रोज संध्याकाळी मी त्या झाडून कोपऱ्यातल्या घमेल्यात भरायची. दुकान चौकात होतं आणि धंदा चुलीपाशी. आप्पा सकाळी आंघोळ करून, टोपी घालून गाळ्यावर जायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. घरात काय चालतं ते त्यांना माहीत होतं, पण तो विषय निघाला की ते भाकरीकडे बघायचे. "येतील," एवढंच म्हणायचे. "बाया येतील. जरा दम धरा. मोठ्या गावाचं मोठं काम, वेळ लागायचाच."

या सगळ्यात माझी अडचण अशी होती की मला अभ्यासाला जागा नव्हती. मी अकरावीत होते, मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली होती. आमच्या चाळीत अकरावीपर्यंत पोचलेली मी एकटी मुलगी, आणि ते आईला थोडं अभिमानाचं, थोडं काळजीचं वाटायचं. मी बीजगणिताचं पुस्तक उघडलं की कुणीतरी बाई माझ्या पुस्तकावर हात ठेवून म्हणायची, "वच्छे, हिरव्या दाखव की जरा." मला मॅट्रिक व्हायचं होतं. त्या वयात माणूस आयुष्यात एकच गोष्ट मागतो आणि ती मिळाली नाही तर आपण मरू असं त्याला खरंच वाटतं. मला तसं वाटत होतं.

आणि नेमकं तेव्हाच पुण्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील गणपतराव, आमच्यातलेच, पुण्यात पेठेत बांगड्यांचं जुनं दुकान. मध्यस्थाने त्यांना सांगितलं होतं की मुलीच्या बापाचा नव्या वसाहतीत, अगदी मध्यावर, काचेचा गाळा आहे. गणपतराव म्हणाले, आधी दुकान बघू, मग मुलगी बघू. धंद्याच्या माणसाचा हा क्रम मला आजही अपमानाचा वाटत नाही. मुलगी बोलून दाखवते ते खोटं असू शकतं, दुकान सहसा खोटं बोलत नाही. आईला स्थळ पसंत होतं. "पुण्यात पडेल पोरगी. घरात नळ हाय," ती म्हणाली. शाळेचं काय, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "शाळा काय पळून चाललीय व्हय?" शाळा पळून चालली नव्हती, पण लग्न झालेली मुलगी शाळेत परत गेल्याचं आमच्या माहितीत तरी कुणी पाहिलं नव्हतं.

पाहुणे यायच्या दिवशी आप्पांनी पहाटेच गाळा झाडला, पाण्याने पुसला, काच वर्तमानपत्राने घासली. बांगड्यांची पेंडकी रंगाप्रमाणे लावली. मग घरी येऊन, आईकडे न बघता, भिंतीला म्हणाले, "आज दुपारच्याला बायांना जरा तिकडं धाड." तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आईने हौसाबाईंना विचारलं. हौसाबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आप्पांसाठी? अवो, चौकात काय, ठेसनात बसंन मी!" त्यांनी चार जणी गोळा केल्या आणि मिरवणुकीने चौकात नेल्या. तिथे पोचल्यावर मात्र पाचही जणींनी काचेकडे पाठ फिरवली आणि पदर असा ओढून घेतला की बाहेरून पाहणाऱ्याला आत बांगड्यांचं दुकान आहे की दुखवट्याला बसलेल्या बाया, हे कळलं नसतं.

आप्पा स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेले. मी पोहे झाकून गाळ्यावर ठेवायला आले आणि माझी नजर जमिनीवर गेली. फरशी आरशासारखी चकचकीत होती, काचेचा एक कण नव्हता. मी कासाराची मुलगी. गणपतराव उभा जन्म बांगड्या भरत आलेले, ते आधी भिंतीवरच्या माळा बघणार नाहीत, खाली बघतील. ज्या दुकानात पाच बाया बसल्यात आणि पायाखाली काच नाही, त्या दुकानात कधी कुणी हात पुढे केलेला नाही, हे त्यांना एका नजरेत समजेल.

मी तिथे किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही. मला काही करावंच लागणार नव्हतं. फरशी आहे तशी राहू दिली असती तर स्थळ मोडलं असतं, मी शाळेत राहिले असते, आणि कुणी मला दोष दिला नसता. पण आप्पा पहाटे गुडघ्यांवर बसून ती फरशी पुसत होते ते मी पाहिलं होतं. आपली फजिती आपण स्वतःच्या हाताने घासूनपुसून तयार करतोय हे त्यांना कळत नव्हतं. त्या पाहुण्याने पाच बायांच्या देखत त्यांना खोटं पाडावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी घरी पळाले, दप्तरातली पुस्तकं पलंगावर ओतली, घमेल्यातल्या काचा दप्तरात भरल्या आणि धावत परत आले. मूठमूठ काचा मी फरशीवर पेरल्या, बायांच्या पायांपाशी थोड्या जास्त. हौसाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्यांनीही पायाने चार इकडे-तिकडे सरकवल्या. माझी बोटं कापली होती, ती मी परकराला पुसली. आपण स्वतःच्या हाताने आपलं लग्न जुळवतोय हे मला पुरतं कळत होतं.

गणपतराव आले. धोतर, काळा कोट, डोळ्यांवर चष्मा. माझा अंदाज खरा ठरला, त्यांनी आधी खालीच पाहिलं, आणि त्यांचा चेहरा सैलावला. आप्पांनीही खाली पाहिलं. पहाटे पुसलेली फरशी त्यांनी पाहिली, मग माझं रिकामं दप्तर, मग माझी बोटं. गणपतराव खाली वाकले, सवयीने एक काच उचलून उजेडात धरली, आणि मग दोन बोटांत आणखी काहीतरी उचललं. पांढरं, पातळ. लसणाची साल होती. त्यांनी नीट बघितल्यावर आणखी एक सापडली, आणि एक जळकी काडी.

"आप्पासाहेब," ते शांतपणे म्हणाले, "या दुकानात लसूण पण सोलतात काय?"

हौसाबाईंना राहवलं नाही. त्या पदराआडून म्हणाल्या, "मीच सोलते की, पावनं. हितं येऊन बसलं म्हंजी हात रिकामेच असत्यात!" त्यांना आप्पांना वाचवायचं होतं. याहून पक्का पुरावा कोर्टातही कुणी दिला नसता. बाकीच्या चौघी पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. आप्पा कानापर्यंत लाल झाले होते, आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

गणपतराव मात्र हसले नाहीत. "चूल कुठंय ती दाखवा," एवढंच म्हणाले. आम्ही सगळे घरी आलो. आतलं स्वयंपाकघर त्यांनी दारातूनच पाहिलं. चुलीपाशी आई एका बाईचा हात हातात घेऊन बसली होती, आणखी तिघी आपली पाळी यायची वाट बघत होत्या, आणि खाली काचा होत्या. त्यांनी दारातच वहाणा काढल्या नाहीत, हे मला आवडलं. पाटावर बसून चहा घेतल्यावर त्यांनी सरळ बोलणं काढलं.

"हे बघा, मला मुलगी पसंत आहे. बापाची लाज राखायला काचा वाहून नेते, अशी सून मला दिवा घेऊन शोधून मिळायची नाही. हातही तयार आहे असं ऐकतो. तिला शाळेतून काढा, लग्न याच महिन्यात करू, आमच्या दुकानात आतल्या बाजूला बायका बसतात तिथे ती बसेल. माझी अट एकच. तो गाळा परत करून टाका. माझा व्याही रिकाम्या दुकानात बसून माश्या मारतो हे मला चारचौघांत सांगता येणार नाही. धंदा तुमचा इथे आहे. वहिनींच्या हातात आहे. ते कबूल करा आणि मोकळे व्हा."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आईने आप्पांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत नळ दिसत होता. मी दाराआड उभी होते. आप्पा आता मान डोलावणार, आणि सोमवारी माझं नाव शाळेतून निघणार, असं धरूनच मी चालले होते. आप्पांनी कप खाली ठेवला.

"गाळा न्हाई सोडायचा," ते म्हणाले.

"अहो, तिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही!"

"येतील," आप्पा म्हणाले. "बाया येतील."

गणपतरावांनी तीनतीनदा समजावलं. आईने समजावलं. हौसाबाईंनी भिंतीपलीकडून समजावलं. आप्पा प्रत्येकाला "येतील" म्हणत राहिले, आणि शेवटी पाहुणे टोपी उचलून स्टेशनकडे निघून गेले. मुलगा कसा होता ते मला आजतागायत माहीत नाही. आई त्या रात्री कुणाशी बोलली नाही. मी सुटले होते, पण मला आनंद झाला असं म्हणवत नाही. मला राग आला होता. मी ज्यांच्यासाठी हात कापून घेतले त्यांना माझ्या संसारापेक्षा एक काचेचं दुकान प्यारं आहे, असाच त्याचा अर्थ मी लावला. माझं लग्न मोडावं असं मलाच वाटत होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हे तर गाळ्यासाठी मोडलं म्हणून मी अंथरुणात तोंड खुपसून रडले. सोळाव्या वर्षी माणसाला दोन्ही गोष्टी एकदम हव्या असतात.

सकाळी उठले तेव्हा आप्पा ओसरीवर उभे होते. अंगात जुना सदरा, आणि दोन्ही खांद्यांवर बांगड्यांच्या माळा. तीन वर्षांत त्या माळा मी त्यांच्या खांद्यावर पाहिल्या नव्हत्या. चुलतभावाशी बोलून दोन गावं तरी परत मिळतात का बघतो, असं ते आईला सांगत होते, आणि आई स्थळ मोडल्याच्या रागाने अजूनही बोलत नव्हती. त्यांनी मला हाक मारली आणि माझ्या हातात गाळ्याची किल्ली दिली.

"पुस्तकं घिऊन तिकडं जात जा," ते म्हणाले. "दार आतनं लावून घे. परीक्षा हुईस्तोवर कुणाचा तरास न्हाई व्हायचा." मग माळा सारख्या करत, दुसरीकडे बघत, हळूच म्हणाले, "तिथं कुणी येत न्हाई."

मी किल्ली घेतली. त्यांच्यासमोर उभं राहवेना, म्हणून तोंडही न धुता तशीच चौकाकडे निघाले.